एकेचाळिसावा दगड

वाल्बुर्गा हेमरिखने गावाची शीव राखणाऱ्या सातांतली एक म्हणून शपथ घेतली, त्या दिवशी वाइडेनलोहच्या एकुलत्या एका खानावळीत तिच्यावरून बरीच टिंगल झाली. सातांत बाई येण्याची ही पहिलीच वेळ. "आता शिवेचे दगडसुद्धा आठवड्याला घासूनपुसून लख्ख होणार," खानावळवाला म्हणाला. सगळे हसले. तिचा नवरा एकहार्ट तेवढा बीअरच्या ग्लासात बघत बसला.

गंमत वेगळी, पण काम जोखमीचं होतं. गावाची शीव सात माणसांच्या हवाली असते. एकदा शपथ घेतली की मरेपर्यंत सुटका नाही. शिवेवर एकशे अठ्ठावीस दगड आहेत आणि प्रत्येक दगडाखाली सातांनी पुरलेली साक्ष, म्हणजे गुप्त खूण, आहे. ती कशाची आणि कशी मांडलेली, हे त्या सातांनाच ठाऊक. कुठे लिहिलेलं नाही. म्हाताऱ्याने नव्याच्या कानात सांगायचं, एवढंच. कुणी दगड सरकवला तरी साक्ष जागची हलत नाही. उकरून पाहायचं: साक्ष सापडली तर दगड खरा, नाही सापडली तर खोटा.

वाइडेनलोहवर आधी मठाची सत्ता होती, मग बिशपची, मग राजाची. चारेकशे वर्षांपूर्वी स्वीडनच्या सैन्याने गाव जाळलं तेव्हा नऊ वर्षं इथे चूल पेटली नव्हती. जी माणसं परतली, त्यांनी आधी दगड मोजले आणि मग घरं बांधली. आजही वस्ती तीनशे बारा. उत्तरेला रान, दक्षिणेला द्राक्षांचे उतार, पश्चिमेला ओटर्सब्रुन गावाची हद्द. चर्चमागचा ओढा रानाच्या कडेपर्यंत येतो आणि तिथे जमिनीत शिरून नाहीसा होतो. दोन किलोमीटरवर, ओटर्सब्रुनच्या गिरणीपाशी तो परत वर येतो. मधल्या वाटेत तो खाली काय करतो, यावर वाइडेनलोहमध्ये फारसं कुणी बोलत नाही. खाली जिप्सम आहे आणि पाण्यात ते हळूहळू विरघळतं, हे मात्र शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं.

२०१९ सालच्या ईस्टरनंतरच्या शनिवारी सातजण शीव फिरायला निघाले. पुढे किलियन ड्यूनिश, त्र्याऐंशी वर्षांचे, सातांचे म्होरके. वाल्बुर्गाच्या बाप्तिस्म्याला तिला हातावर धरणारे तेच, म्हणून ती लहानपणापासून त्यांना काका म्हणे. ती स्वतः सत्तेचाळीसची, मधमाश्या पाळणारी, अंगाने दणकट. त्यामुळे फावडं आपसूक तिच्याकडे आलं होतं.

चाळीस दगड ठाकठीक निघाले. एकेचाळिसावा रानाच्या कडेला होता. तो वीतभर खाली गेला होता आणि पश्चिमेकडे कलला होता.

"हा खचलाय की," वाल्बुर्गा म्हणाली आणि तिने फावडं रोवलं.

"हात लावू नकोस त्याला!"

किलियनकाका इतक्या जोरात ओरडले की मागचे पाचहीजण जागच्या जागी थांबले.

"अहो काका, कललेला दगड सरळ करणं हेच तर आपलं काम."

"एकेचाळीसला नाही."

"का पण?"

"नाही म्हणजे नाही. माझ्या आधीच्यांनी लावला नाही, मी लावला नाही, तूही लावायचा नाहीस."

दाढीवाला ऑस्वाल्ड तिच्या कानाशी येऊन पुटपुटला, "आम्हालाही एवढंच सांगितलंय. इथे आलं की म्हाताऱ्याचं बिनसतं. चल, पुढे सॉसेज आणि बीअर वाट बघतायत."

वाल्बुर्गाने फावडं उपसलं. निघता निघता तिच्या लक्षात आलं, की काका दगडाकडे बघतच नव्हते. दगडापलीकडे, ओटर्सब्रुनच्या हद्दीत, दहाएक पावलांवर तिथल्या बालवाडीचा निळा लाकडी गाडा उभा होता. चाकांवरची एक खोलीच ती, आत शेगडी, छपरावर धुराडं. मुलं दिवसभर रानात खेळत आणि पाऊस आला की गाड्यात शिरत. काकांची नजर त्या धुराड्यावर होती. तेही पश्चिमेकडे कललं होतं.

रविवारभर तिला ते खुपत राहिलं. सोमवारी सकाळी तिने फावडं घेतलं आणि कुणाला न सांगता ती एकटीच रानाकडे गेली. पाऊस भुरभुरत होता. तिने दगडाभोवतीची माती कोपरभर खोल काढली. मग आणखी खोल. मग चारी बाजूंनी हातभर रुंद. माती बोटांनी चाळून पाहिली.

साक्ष नव्हती.

ती टाचांवर बसली आणि हातांकडे बघत राहिली. दगड खोटा होता. परक्या कुणी सरकवला असता, तर पुढच्याच फेरीत सातांनी तो परत जागेवर बसवला असता. म्हणजे सरकवणारे सातच होते. ज्यांनी शीव राखायची शपथ घेतली, त्यांनीच ती खोटी केली होती.

"तू खजिना शोधतेयस?"

गाड्यातली सहा वर्षांची एक मुलगी लाल रेनकोट घालून समोर उभी होती.

"हो. पण सापडत नाहीये."

"मग आमच्याकडे ये. आमच्या गोट्या आपल्या आपण चालतात."

गाड्यात चौदा मुलं होती आणि मेलिटा नावाची त्यांची बाई. मेलिटा हसून म्हणाली, "शुक्रवारपासून हेच वेड लागलंय त्यांना. गोटी कुठेही ठेवा, त्याच कोपऱ्यात जाते. दारही धड लागत नाहीये. जुना झालाय गाडा, चाकं रुतली असतील."

वाल्बुर्गाने एक गोटी फळीवर ठेवली. गोटी क्षणभर थांबली, मग निघाली, आणि कोपऱ्याशी पोचेपर्यंत तिने चांगलाच वेग घेतला. मुलांनी टाळ्या पिटल्या.

वाल्बुर्गा बाहेर आली आणि गुडघ्यांवर बसून तिने गाड्याखाली पाहिलं. चाकं रुतलेली नव्हती. चाकांसकट जमीनच खाली गेली होती. गवतासकट, फुलांसकट, एखाद्या मोठ्या परातीसारखी, गोल.

"मेलिटा, मुलांना जरा बाहेर खेळू दे. आत नको ठेवूस."

"अगं, पाऊस पडतोय!"

"पडू दे. मी आलेच."

किलियनकाकांच्या घरी गाडीने पाच मिनिटं लागतात. काका स्वयंपाकघरात बसून शतावरीचे पांढरे कोंब सोलत होते. वाल्बुर्गा चिखलाच्या बुटांनी तशीच आत गेली.

"काका, एकेचाळीसखाली साक्ष नाहीये."

सुरी थांबली नाही. आणखी एक कोंब सोलून झाला, मग त्यांनी ती खाली ठेवली.

"बस," ते म्हणाले.

"नाही बसत. सांगा."

"अठ्ठावन्न सालचा ऑक्टोबर. ते शेत तेव्हा लोरेन्झ श्राउटचं होतं. आत्ताच्या सरपंचाचा, लोथारचा आजा. तोच सातांचा म्होरक्या होता. नांगरताना भुईला भोक पडलं, बैलगाडीच्या चाकाएवढं. त्याच वर्षी जमिनींची फेरवाटणी चालली होती, वरच्या गल्लीत घरं बांधायची परवानगी यायची होती. सरकारी माणसांना भोकाचा वास जरी लागला असता तरी अख्खा उतार बंद झाला असता. म्हणून लोरेन्झ म्हणाला, आधी खोली किती ते बघू, मग गुपचूप बुजवू."

"मग?"

"कुणीतरी उतरायला हवं होतं. लोरेन्झकडे आल्फोन्स चिर्नर नावाचा गडी होता. युद्धानंतर पूर्वेकडल्या सायलेशियातून हाकलून दिलेल्या जर्मनांतला. एकटा. माउथऑर्गन वाजवायचा. गावात त्याचं कुणी नव्हतं, म्हणून त्यालाच दोर बांधला. तो हसत उतरला गं. दहा मीटर गेला असेल, तोच बाजू ढासळली. दोर ओढला तर नुसता दोरच वर आला."

"गेला तो?"

"नाही." काकांनी सोललेले कोंब उगाचच एका रेषेत लावले. "आवाज येत होता. दोन दिवस. लोरेन्झ म्हणाला, मदत बोलवली तरी ती येईपर्यंत हा मरणार आणि गाव फुकट बुडणार. आम्ही सातजण काठावर उभे होतो. खाली जायची कुणाची छाती झाली नाही. माझीही नाही. तिसऱ्या दिवशी जुन्या कोठाराचा राडारोडा आणून ओतला."

"तोपर्यंत आवाज थांबला होता?"

"कमी झाला होता," काका म्हणाले.

स्वयंपाकघरात दुधाचं भांडं शेगडीवर उतू गेलं. दोघांनीही ते उतरवलं नाही.

"नंतर दगड हलवला. फेरवाटणीत सगळे नकाशे नवे होतेच, सहज खपून गेलं. भोक ओटर्सब्रुनच्या वाट्याला गेलं. आल्फोन्स गाव सोडून गेला म्हणून सांगितलं. सहाजण आपलं तोंड मिटून मेले. मी राहिलो."

"आणि ती मुलं, काका? तीन वर्षं तो गाडा तिथे उभा आहे! तुम्ही रोज बघताय!"

"मी सांगितलं होतं त्यांना. दोनदा गेलो. म्हटलं, तिथे गोचिड्या फार आहेत. त्यांनी ऐकलं नाही. मग मी मका टाकायला लागलो. म्हटलं, रानडुकरं येतील, घाबरून उठतील दुसरीकडे."

"मग?"

"डुकरं आली. त्यांनी कुंपण घातलं. पोरं खूश झाली डुकरं बघून."

वाल्बुर्गाने पुढचं ऐकलं नाही. ती धावत गाडीकडे गेली.

पाऊस वाढला होता आणि मेलिटाने मुलांना परत आत घेतलं होतं. सगळे जेवायला बसले होते, पाव, सफरचंदाच्या फोडी, वाफाळता चहा. वाल्बुर्गाने दारातूनच हाक मारली.

"सगळ्यांना बाहेर काढ. आत्ता. डबे, कोट, काही घेऊ नकोस."

"अगं, काय झालं काय?"

"खाली पोकळ आहे."

मेलिटाने तिच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि गळ्यातली शिट्टी वाजवली. मुलं एकमेकांचा हात धरून ओळीने उतरली. हा नवा खेळच वाटला त्यांना. रस्त्याच्या कडेला पोचल्यावर मेलिटाने डोकी मोजली. तेरा.

वाल्बुर्गा मागे फिरली. लाल रेनकोटवाली टेबलाखाली होती, कोपऱ्यातल्या गोट्या डब्यात भरत होती. वाल्बुर्गाने आत पाय टाकला तशी फळी कण्हल्यासारखी वाजली, आणि तो आवाज फळीवर न थांबता खाली, आणखी खाली उतरत गेला. तिने मुलीला कमरेशी धरून उचललं आणि ती मागच्या मागे बाहेर आली. गोट्या जमिनीवर सांडल्या. मुलगी रडायला लागली.

त्या दिवशी काहीच झालं नाही. गाडा जिथल्या तिथे उभा राहिला. संध्याकाळपर्यंत ओटर्सब्रुनचे आईबाप चिडून फोन करू लागले आणि वाइडेनलोहच्या खानावळीत कुणीतरी म्हणालं, "हेमरिखबाईच्या डोक्यात माश्या शिरल्यात."

सरपंच लोथार श्राउट तिच्या अंगणात येऊन उभा राहिला. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले.

"ओटर्सब्रुनची जमीन, ओटर्सब्रुनची डोकेदुखी. तू का मध्ये पडतेस?"

"ती आपली जमीन आहे, लोथार. तुझ्या आजोबांनी ती त्यांच्या गळ्यात मारली."

कसली जमीन, कधीची गोष्ट, हे त्याने विचारलं नाही. त्यावरून वाल्बुर्गाला कळलं, की त्याच्या घरात हे अगदीच अनोळखी नव्हतं.

"शपथ घेतली होतीस ना तू?" तो म्हणाला.

"शिवेची घेतली होती. खड्ड्याची नाही."

"हे बघ, त्या पोकळीचं दुसरं टोक कुठे आहे, याचा विचार केलायस? वरची गल्ली. अकरा घरं. तुझं त्यात आहे, नववं. तपासणीवाले एकदा आले की तिथेच थांबणार नाहीत."

"मग लवकर येऊ देत," ती म्हणाली. पण तो गेल्यावर ती अंगणात बराच वेळ पायांखालच्या फरशीकडे बघत उभी राहिली.

बुधवारी वाल्बुर्गाच्या तक्रारीवरून सरकारी तपासणीवाले आले. त्यांनी गाड्यापासून चार पावलांवर छिद्र पाडायला घेतलं. तीन मीटरवर लोखंडी दांडा कामगारांच्या हातातून निसटला आणि आपल्याच वजनाने खाली गेला. तळाशी आपटल्याचा आवाज यायला जो वेळ लागला, तेवढ्यात कुणी कुणाकडे पाहिलं नाही. त्याच दुपारी तिथे जाळीचं कुंपण उभं राहिलं.

रविवारी सकाळी, दोन्ही गावं प्रार्थनेला बसली असताना, गाडा गेला. ऑर्गनच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही. कुत्रं फिरवायला निघालेल्या एका माणसाला आधी फक्त छपराची निळी कड दिसली. माणसं गोळा होईपर्यंत तीही दिसेनाशी झाली. काठ सरळ कापल्यासारखा होता आणि खालून गार, ओलसर हवा वर येत होती. मेलिटा रस्त्यावरच बसली. तिला उठवायला दोन माणसं लागली.

आल्फोन्सचं काही सापडलं नाही. खाली उतरायला कायद्याने परवानगी नव्हती आणि यंत्राने जेवढं वर आलं, त्यात कोठाराच्या विटा होत्या, कौलं होती. किलियनकाका स्वतःच्या पायांनी पोलिसांकडे गेले. त्यांनी सगळं सांगितलं, पोलिसांनी लिहून घेतलं आणि त्यांना घरी पाठवलं. इतक्या वर्षांनी एकट्या म्हाताऱ्याचं काय करायचं, ते वरच्या लोकांनाही ठरवता येईना. बातमी पेपरात आली आणि ती वाचून जूनमध्ये झीग्लिंडे नावाची एकोणसत्तर वर्षांची बाई वाइडेनलोहला आली. आल्फोन्सच्या बहिणीची मुलगी. सरपंच त्या दिवशी नेमका बाहेरगावी होता, म्हणून वाल्बुर्गाने तिला कुंपणापर्यंत नेलं. तिथे ती फार थांबली नाही.

"जो एक उरलाय म्हणतात, त्याला भेटायचंय मला," ती म्हणाली.

काकांनी टेबलावर कॉफी आणि केक मांडून ठेवला होता. झीग्लिंडेने कोटही काढला नाही. पर्समधून एक पोस्टकार्ड काढून तिने त्यांच्यासमोर ठेवलं. कार्डावर हॅम्बुर्गचं बंदर होतं, मागे निळ्या शाईतल्या चार ओळी.

"हे एकोणसाठ साली आईला आलं होतं. मामा कॅनडाला चाललाय, परत येणार नाही, माझी वाट बघू नका म्हणून. आई म्हणायची, अक्षर त्याचं नाही. बाबा म्हणायचे, हात थरथरत असेल बोटीवर." ती थांबली. "कुणी लिहिलंय?"

वाल्बुर्गाने काकांकडे पाहिलं. हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. पोलिसांनाही नव्हतं.

"मी," किलियनकाका म्हणाले. "माझं अक्षर चांगलं होतं. लोरेन्झने सांगितलं आणि मी लिहिलं. टाकायला हॅम्बुर्गलाही मीच गेलो."

"'वाट बघू नका', हेही त्यानेच सांगितलं?"

काकांनी कॉफीचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "नाही. ते माझं. मला वाटलं, वाट बघणं संपलं तर त्रास कमी होईल."

झीग्लिंडेने कार्ड परत पर्समध्ये ठेवलं. तिचा आवाज चढला नाही.

"आईने त्याचं नाव टाकलं. घरात त्याचा एकच फोटो होता, तो तिने फाडला. शेवटच्या आजारात मी विचारलं, मामाची आठवण येते का? म्हणाली, ज्याने मला सोडलं त्याची कशाला येईल. तुम्ही त्याला पुरलंत ते पुरलंत. पण आम्हाला त्याचा तिरस्कार करायला लावलात."

ती उठली. काकाही उठायला गेले, पण पूर्ण उभे न राहता ते तसेच अर्धवट वाकून, टेबल धरून राहिले. वाल्बुर्गाने त्यांना बसवलं नाही. ती झीग्लिंडेला स्टेशनवर सोडायला गेली.

काका नोव्हेंबरात गेले. अंत्ययात्रेला मोजून पाच माणसं होती. सातांतल्या बाकीच्यांनी वाल्बुर्गाशी बोलणं टाकलं. ऑस्वाल्ड रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूला जातो. पोकळी वरच्या गल्लीखालून गेली आहे, हे आता कागदोपत्री सिद्ध झालं आहे. पाच कुटुंबं सामान बांधून गेली. जी उरली, ती वाल्बुर्गाच्या दाराकडे असं बघतात, की जणू तिनेच फावड्याने गल्लीखाली बोगदा खणला.

तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला एक तडा आहे. तपासणीवाल्यांनी त्यावर काचेची मापपट्टी चिकटवून दिली आहे. एकहार्ट रोज सकाळी चष्मा लावून ती वाचतो आणि आकडा वहीत टिपतो. जानेवारीतल्या एका सकाळी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ भिंतीपाशी उभा राहिला.

"किती?" वाल्बुर्गाने विचारलं.

"कालपासून दोन मिलिमीटर," तो म्हणाला आणि कपाटावरची सूटकेस काढायला वळला.